मुरूडचा जंजिरा आणि आपलं नगर : "सर, सिद्दी आपले का?"

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात शाळेची सहल घेऊन मुरूडला गेलो होतो. नगरहून पहाटे चारला निघालेली बस पुणे ओलांडून, ताम्हिणी घाट उतरून दुपारी राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचली. शिडाच्या होडीत बसलो. मुलांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला होता, त्यामुळे निम्मी घाबरलेली आणि निम्मी ओरडत. होडीतल्या माणसाने किल्ल्याची माहिती सांगायला सुरुवात केली. तोफा, बुरूज, गोड्या पाण्याचे तलाव. मग तो म्हणाला, "हा किल्ला शिवाजी महाराजांनासुद्धा घेता आला नाही."

होडी एकदम गप्प झाली. तेवढ्यात एका पोराने शेजारी बसलेल्या मुस्लिम मुलाला कोपर मारून विचारलं, "म्हणजे तुमचेवाले जिंकले का रे?" त्यात राग नव्हता, नुसती मस्करी होती. पण त्या मुलाचा चेहरा उतरला. उतरताना त्याने मला हळूच विचारलं, "सर, सिद्दी आपले का?"

त्या वेळी मी "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. बी.एड.ला इतिहास शिकवण्याच्या पद्धती शिकलो, पण असल्या प्रश्नाला काय म्हणायचं हे कुणी शिकवलं नाही. घरी आल्यावर वाचत बसलो. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो, कारण आपल्या घराघरांतली मुलं सहलीला जंजिऱ्याला जातात आणि हाच प्रश्न घेऊन परत येतात.

आधी एक गोष्ट, जी नगरच्या बऱ्याच लोकांनाही माहीत नसते. जंजिऱ्याची गोष्ट समुद्रात सुरू होत नाही, ती आपल्याकडे सुरू होते. मलिक अहमद, म्हणजे पहिला अहमद निजामशाह, जुन्नरला बहमनी सुलतानाचा सरदार होता. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ त्याने बहमनी फौजेला हरवलं आणि स्वतंत्र राज्य उभं केलं. त्याच जागेवर पुढे शहर वसलं, त्याला त्याचं नाव मिळालं. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी बोलण्यात नगर ते नगरच.) दरवर्षी २८ मेला शहराचा स्थापना दिन म्हणून लोक बागरोजाला त्याच्या मजारीवर जातात, त्यात सगळ्या समाजाचे लोक असतात. हा निजामशाह वेगळा आणि हैदराबादचा निजाम वेगळा, एवढं मुलांना आधी सांगून ठेवा. त्या दोघांमध्ये सव्वादोनशे वर्षांपेक्षा जास्त अंतर आहे आणि नात्याचा काही संबंध नाही. उलट फरिश्ता लिहितो की अहमदचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुटुंबातला, लहानपणी विजयनगरच्या मोहिमेत पकडला गेलेला. फरिश्ता स्वतः नगरच्या दरबारात वाढला होता, त्यामुळे त्याला हे ऐकायला मिळालं असणार.

आता नगरच्या राज्याला समुद्र कशाला हवा होता? घोड्यांसाठी. दख्खनमध्ये चांगला घोडा होत नाही, तो अरबस्तानातून आणि इराणमधून जहाजाने यायचा. तो उतरायचा चौलला, आजच्या अलिबाग तालुक्यात, आणि घाट चढून जुन्नर-नगरला यायचा. चौल हे निजामशाहीचं मोठं बंदर. १५०८ मध्ये पोर्तुगीजांच्या आरमाराला इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने हरवलं ते याच चौलच्या पाण्यात. पुढे पोर्तुगीजांनी तिथेच पाय रोवले. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशाहाने चौलला वेढा घातला, तो फसला. १५९४ मध्ये कोर्लईचा डोंगरही गेला. त्या कोर्लईत अजूनही काही लोक पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, जमलं तर जाता-येता ऐका.

चौलच्या दक्षिणेला दंडा-राजपुरीची खाडी. तिच्या तोंडावर एक खडकाळ बेट, आणि त्या बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता, म्हणजे मोठमोठे लाकडी ओंडके उभे रोवून केलेला कोट. समुद्री लुटारूंपासून जीव वाचवायला कोळ्यांनी तो बांधला, त्यांचा पुढारी राम पाटील. हा पाटील निजामशाही ठाणेदाराला जुमानेना. मग पिरमखान नावाच्या सरदाराला पाठवलं गेलं. तो व्यापारी बनून आला, जहाज लावलं, पाटलाला दारूची पिंपं भेट दिली आणि कोळी झिंगल्यावर बेट ताब्यात घेतलं, अशी तिकडची गोष्ट आहे. गोष्टीत मीठ-मसाला असेलच. पण गाभा असा की बेट आधी कोळ्यांचं होतं आणि नगरच्या सत्तेने ते दगा करून घेतलं. मुलांना हे सांगताना अडखळायचं कारण नाही. मी वर्गात सांगतो.

दगडी किल्ला नंतरचा, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, तोही निजामशाहीच्याच काळात. 'जंजिरा' हे नाव अरबी 'जझीरा'वरून, म्हणजे नुसतं 'बेट'. आणि ज्यांच्या हातात तो गेला ते सिद्दी, म्हणजे हबशी. आफ्रिकेतून, हबशाणातून गुलाम म्हणून विकत आणलेली माणसं. इथे मला थांबावंसं वाटतं. 'हबशी' हा शब्द आपल्याही घरात चांगल्या अर्थाने वापरला जात नाही, हे कबूल करायला हवं. भरपूर जेवणाऱ्याला, सावळ्या रंगाच्या पोराला आपण काय म्हणतो ते आठवून बघा. आणि याच हबशी माणसांनी नगरची गादी शेवटची तीस वर्षं सांभाळली. मलिक अंबर लहानपणी अनेकदा विकला गेला, शेवटी नगरच्या चंगीझखानाकडे आला, जो स्वतः हबशी होता. मोगलांनी १६०० मध्ये नगरचा किल्ला घेतल्यावर राज्य संपल्यातच जमा होतं, ते अंबरने १६२६ मध्ये मरेपर्यंत उभं ठेवलं. १६२४ ची भातवडीची लढाई आपल्याच तालुक्यात झाली. त्यात मोगल आणि आदिलशाही फौजांना अंबरने हरवलं. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. शहाजी आणि शरीफजी ही नावं आपल्या शहरातल्या शाह शरीफ पीरांवरून ठेवलेली, हे बहुतेकांना ठाऊक आहेच.

म्हणजे त्या काळात नगरच्या छावणीत भोसले आणि हबशी एका बाजूला होते. पन्नास वर्षांनी जंजिऱ्याला समोरासमोर आले. मधल्या काळात झालं काय? १६३६ मध्ये निजामशाही संपली. जंजिऱ्याचे सिद्दी आधी आदिलशाहीचे झाले. १६७० च्या सुमारास किल्लेदार फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करायला तयार झाला होता. त्याच्याच तीन सहकाऱ्यांनी, संबूळ, कासम आणि खैर्यत यांनी, त्याला कैद केलं आणि औरंगजेबाकडून मदत घेतली. म्हणजे सिद्दी-सिद्दींतही एकमत नव्हतं. आणि महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख होता दौलतखान. मग "तुमचेवाले" कोणते आणि "आमचेवाले" कोणते? कोळीसुद्धा दोन्ही बाजूंना होते. पद्मदुर्गाच्या बाजूने लढलेल्या लाय पाटलाची गोष्ट मुरूडला अजून सांगतात, आणि सिद्द्यांच्या गलबतांवर वल्ही मारणारेही इथलेच होते.

सिद्द्यांनी किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं पकडून नेली, हेही खरं. किल्ला अजिंक्य राहिला याचा आपण मुसलमान म्हणून अभिमान धरायचा, तर ही लूटही आपल्या खात्यावर घ्यावी लागेल. मला दोन्ही नको. त्या मुलाला मी नंतर सांगितलं ते असं : सिद्दी हे एका बादशाहाकडून दुसऱ्याकडे जाणारे, हुशार, कडवे दर्यावर्दी सरदार होते. त्यांनी राज्य टिकवलं ते दीनसाठी नव्हे, राज्यासाठी. ते आपले आहेत, जसा राम पाटील आपला आहे आणि दौलतखान आपला आहे. कारण ही सगळी इथल्या मातीतली आणि पाण्यातली माणसं. मुलगा म्हणाला, "मग मी काय सांगू त्याला?" म्हटलं, भातवडीचं सांग. त्याने सांगितलं. त्या दुसऱ्या मुलाचं आजोळ भातवडीजवळच निघालं. मग पुढचा आठवडाभर दोघांचं तलावाचं पाणी कुणी सोडलं यावरच चाललं होतं.

हे सगळं जुनं झालं. आजचं मुरूड मला जास्त शिकवून गेलं. माझ्या चुलत बहिणीचं सासर तिकडचं आहे. तिच्याकडे दोनदा राहिलो, त्यामुळे थोडं आतून बघता आलं. जंजिऱ्याचं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. किल्ल्यातली वस्तीही हळूहळू उठली. पण राजपुरी, एकदरा, मुरूड ही गावं मासेमारीवर उभी आहेत. कोळी आहेत तसे मुस्लिम मच्छीमारही आहेत, जुन्या लिखाणात त्यांना दालदी म्हटलेलं सापडतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि घरोघरी जाळी विणणं-सांधणं चाललेलं असतं. मग नारळी पौर्णिमा. कोळीवाड्यातून वाजतगाजत मिरवणूक निघते, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ दर्याला अर्पण होतो. मुस्लिम मच्छीमार नारळ सोडत नाहीत, पण दर्या शांत व्हायची वाट तेही तेवढीच बघतात. बहिणीचे सासरे त्या संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन उभे राहतात. "आपले भागीदार आहेत, जायला नको का?" एवढंच म्हणाले.

त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो, ती वर्गात विज्ञानाच्या तासाला वापरतो. समुद्राची भरती चंद्रावर चालते. अमावस्या आणि पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची ओढ कमी. कोळी तिथी बघून जाळं टाकायचं ठरवतात. आणि आपला हिजरी महिनाही चंद्राचाच! चाँदरात म्हणजे उधाण, चौदावी-पंधरावीला पुन्हा उधाण, सातवी-आठवीला आणि बावीस-तेवीसला भांग. सासऱ्यांच्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी लावलेली, एक पंचांगाचं आणि एक हिजरी. दोन्हीवरून पाणी सारखंच निघतं. मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाँद फक्त ईदसाठी बघत आलो.

किल्ल्यातही असंच. पडक्या वाड्यांमध्ये पंचायतन पीराचं ठिकाण आहे. होडीवाले, मग ते कोणीही असोत, तिथून जाताना हात छातीशी नेतात. आपल्याकडे कोठल्याच्या बारा इमामांच्या सवारीला खांदा द्यायला कोण कोण येतं ते ज्याने बघितलंय, त्याला यात नवल वाटणार नाही. ती मोहरमची परंपराही निजामशाहीतली. दुसरा सुलतान बुऱ्हाण निजामशाह १५३७ च्या सुमारास शाह ताहिर यांच्या प्रभावाने शिया झाला, तेव्हापासून नगरच्या मोहरमला ते रूप आलं.

सहलीला किंवा घरच्यांना घेऊन जाणार असाल तर थोडं सांगतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्यामुळे हिवाळा बरा. महादरवाजाशी दगडात कोरलेला वाघ आणि त्याच्या पंजातले हत्ती मुलांना जरूर दाखवा. प्रत्येक गाईड त्याचा वेगळा अर्थ सांगेल, ऐकून घ्या. कलालबांगडी तोफेवर चढू देऊ नका. आणि किल्ला बघून लगेच परत फिरू नका, राजपुरीजवळ खोकरीचे घुमट आहेत, बहुतेक बसेस तिथे थांबतच नाहीत. सिरुलखान, खैर्यतखान आणि याकूतखान यांच्या कबरी तिथे आहेत. हा याकूतखान म्हणजे वर आलेला कासमच, औरंगजेबाने दिलेला किताब. दगडी जाळीचं काम सुरेख आहे. नगरचे घुमट बघितलेल्याला ओळखीचं वाटेल. आम्ही गेलो तेव्हा तिथे दोन शेळ्या आणि आमची सत्तेचाळीस मुलं, एवढेच होतो.

परतताना धक्क्यावरून सुकट आणि बोंबील घ्या. नगरच्या बाजारात वर्षभर हेच मिळतं, पण इथे वाळत घातलेल्या दोऱ्यांवरून काढून देतात. बसमध्ये पिशवी नीट बांधून ठेवा. आम्ही नीट बांधली नव्हती, ड्रायव्हर पुण्यापर्यंत बोलला नाही.