बहिणाबाईंच्या गाण्यांचे टिकाऊपण : घडण, बोली आणि स्मरण

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या निधनास सात दशकांहून अधिक काळ लोटला. 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर मराठी कवितेत अनेक प्रवाह आले आणि ओसरले. परंतु या गाण्यांची ओढ कमी झालेली दिसत नाही. या आकर्षणाचे कारण विचारले असता 'निरक्षर स्त्रीचे जीवनविषयक तत्त्वज्ञान' असे उत्तर बहुधा दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तत्त्वज्ञान सांगणाऱ्या रचना मराठीत विपुल आहेत. त्या सर्वच ओठांवर राहिलेल्या नाहीत. बहिणाबाईंचे गाणे टिकले ते प्रथमतः त्याच्या घडणीमुळे, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील आसोदे येथे महाजन कुटुंबात नागपंचमीच्या दिवशी झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी विवाह होऊन त्या शेतकऱ्याच्या मोठ्या खटल्यात आल्या. पुढे तरुण वयातच त्यांना वैधव्य आले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुत्र सोपानदेव शाळेतील पुस्तकातून सावित्री-सत्यवानाची कथा वाचत असता ती ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईने त्यावर गाणे रचले, असे सांगितले जाते. सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी जे लिहून घेतले, तेवढेच आज हाती आहे. ही मूळ घटना अभ्यासकाने विसरू नये. लेखनाच्या आधी ही गाणी केवळ स्मरणात होती. म्हणजेच स्मरणात राहण्याजोगी रचना करणे ही त्यांची गरज होती, अलंकार नव्हे.

ही गरज छंदात स्पष्ट दिसते. 'संसार', 'मन', 'सुगरिन', 'कशाला काय म्हणू नही' या सुपरिचित रचनांचे चरण मोजून पाहावेत. प्रत्येक चरण आठ अक्षरांचा भरतो. जात्यावरची पारंपरिक ओवी सैल असते. दळणारी स्त्री तीत भावाचे नाव, गावाचे नाव घालू शकते, अक्षरे वाढली तरी गळा ती सांभाळून घेतो. म्हणूनच ओवी सर्वांची होते आणि तिचा कर्ता हरवतो. बहिणाबाईंच्या अष्टाक्षरी चरणात मात्र एक अक्षर गळले तरी कानाला ठेच लागते. बांधणी आवळ असल्याने शब्द जागचे हलत नाहीत. आरंभी एखादा शब्द लगोलग दोनदा घेण्याची त्यांची लकबही अशीच उपयोगी आहे : विषय ठसतो, ताल ठरतो आणि गाणाऱ्याला पुढचा चरण आठवायला क्षणभर उसंत मिळते.

दुसरी गोष्ट विचाराच्या क्रमाची. त्यांच्या गाण्यात आधी वस्तू दिसते, विचार मागून येतो. 'सुगरिन'मध्ये प्रथम झाडाला टांगलेला खोपा आहे, त्याची वीण आहे, इवलीशी चोच आहे. दोन हात असलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न अगदी शेवटी. 'संसार'मध्ये तवा आणि हाताचा चटका आधी. शेवटचे बोधवाक्य तेवढे उचलून फलकावर लिहिले की ते सुभाषित होते आणि गाणे संपते. शैक्षणिक संस्थांच्या भिंतींवर हा प्रकार वारंवार आढळतो, हे खेदाने नमूद करावे लागते.

'पेरनी', 'कापनी', 'रगडनी' आणि 'उपननी' ही गाणी सलग वाचली असता खळ्यापर्यंतचे कृषिवर्ष उभे राहते. 'उपननी'त वाऱ्याला मारुतीचा बाप म्हणून घातलेली हाक पुराणकथेची माहिती देण्यासाठी नाही. वारा पडला की काम थांबते, म्हणून ती आर्जवाची हाक आहे. आज मळणी यंत्रामुळे बैलांची पात आणि उपणणी वर्गातील मुलांना परकी झाली आहे. तरीही कुणाची तरी वाट पाहत काम अडून राहणे त्यांना समजते. गाणे तेथून त्यांच्यापर्यंत पोहोचते.

गाण्यांच्या प्रसारात ध्वनिमाध्यमांचा वाटा मोठा आहे. अनंत माने दिग्दर्शित 'मानिनी' (१९६१) या चित्रपटात वसंत पवार यांच्या संगीतात ही गाणी आली; पुढे यशवंत देव यांच्या चालींवर उत्तरा केळकर यांनी ती गायिली. खान्देशाबाहेरच्या अनेकांना बहिणाबाई पुस्तकाआधी कानांनी भेटल्या.

बोलीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बहिणाबाईंची भाषा सरसकट 'अहिराणी' म्हटली जाते, ते बरोबर नाही. ती जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातील लेवा गणबोली होय. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात खान्देशी भिल्ल भाषांसमवेत नवव्या खंडात आली; पण खान्देशातील बोली एकजिनसी नाहीत. 'मला'साठी 'माले' हे रूप धुळ्याच्या विद्यार्थ्याला घरचेच वाटते. मात्र 'माझी' ऐवजी तो 'मनी' म्हणतो, 'देवाचं' ऐवजी 'देवनं'. लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो, 'ण'चा 'न' : पोळा 'पोया' होतो, पेरणी 'पेरनी'. हे उच्चार प्रमाण भाषेत आणले तर अक्षरसंख्या बहुधा तीच राहते, पण नाद कठीण होतो.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या संग्रहामुळे कागदपत्रांच्या जतनाची परंपरा निर्माण झाली. गळ्यातल्या गाण्यांना मात्र असा दफ्तरखाना लाभला नाही. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. त्याच विद्यापीठाच्या वर्गांत ही गाणी अनेकदा प्रमाण उच्चारांत, डोळ्यांनी वाचून शिकवली जातात. रावेर-यावलकडची विद्यार्थिनी घरची बोली वर्गात उच्चारायला संकोचते. वस्तुतः त्या तासाला तिचा उच्चार हाच अधिकृत पाठ ठरावा. तिच्या आजीला 'घरोट', 'खयं' हे शब्द कोश न पाहता कळतात. त्या आवाजातील वाचन ध्वनिमुद्रित करून घेणे कोणत्याही मराठी विभागाला सहज शक्य आहे.

जळगावातील छापखान्यावरही बहिणाबाईंनी एक गाणे केले. छापून कोरा कागद शहाणा होतो आणि माणूस मात्र होता तसाच राहतो, याचे त्यांना नवल वाटले. स्वतःची गाणी छापलेली पाहण्यापूर्वीच, ३ डिसेंबर १९५१ रोजी, त्यांचे निधन झाले.