विदूषक काय बोलला?

‘स्नो व्हाइट’ हा पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट १९३७ साली अमेरिकेत पडद्यावर आला. तो सिद्ध होत असता वॉल्ट डिस्ने यांनी आपल्या चित्रशाळेत जाहीर केले होते की, घेण्याजोगी हास्यकारक युक्ती जो सुचवील त्यास प्रत्येक युक्तीमागे पाच डॉलर मिळतील. कथेतील प्रसंग लहान लहान चित्रांत रेखाटावयाचे, ती क्रमाने फळीवर टाचावयाची, आणि जेथे हसू येत नाही तेथील चित्र काढून दुसरे लावावयाचे, अशी तेथील रीत. कथेचा सांगाडा ठरलेला. हसविण्याचा उद्योग मात्र साऱ्यांचा.

सांगलीकरांस ही वाटणी नवी वाटू नये. १८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून संस्थानाधिपती श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांस मराठीत तसा खेळ रचण्याची आज्ञा केली, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. कथा रामायणातली, धनुष्य कोण मोडणार हे पोरासोरांसही ठाऊक! भावे यांनी रचली ती पदे. ती सूत्रधाराने म्हणावयाची, आणि पदाचा आशय धरून पात्राने आयत्या वेळी सुचेल ते गद्य भाषण करावयाचे. हे भाषण लिहिलेले नसे.

विदूषकास तर मोकळीक सर्वांहून अधिक. मंगलाचरण आटोपले की झाडपाल्याने अंग झाकलेला हा गृहस्थ नाचत येई, सूत्रधाराशी वाकडेतिकडे बोले, आणि मग कोठे खेळात साह्य करण्याचे कबूल करी. त्याच्यामागून गणपती, आणि मग मयूरावर आरूढ झालेली सरस्वती. देवतांच्या आगमनापूर्वी एका वेडगळ माणसाने सभा हसवून मोकळी करावी, ही योजना मला तरी मोठी शहाणपणाची वाटते. डिस्नेच्या मंडळींस पडलेला विनोद फळीवरून काढता येई. आमच्या विदूषकाची परीक्षा भर सभेत, आणि दुरुस्ती झालीच तर पुढच्या खेळात.

भावे यांची पदे १८८५ साली ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापून निघाली. म्हणून सूत्रधार काय गात असे हे आज घरबसल्या वाचता येते. ज्याने सांगलीस हसविले त्याचे शब्द मात्र त्या पुस्तकात नाहीत.

तमाशाचेही तेच. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे रेठरे हरणाक्षचे; हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगली जिल्ह्यात आहे. कुलकर्ण्यांच्या घरातील या शाहिराच्या लावण्या लोकांच्या ओठी राहिल्या. पण गौळणीत पेंद्या आणि बतावणीत सोंगाड्या जी हजरजबाबी उत्तरे देत, ती त्या त्या रात्रीबरोबर विरली.

लिहिलेल्या विनोदाचे नशीब निराळे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकातील बाशिंगास हपापलेला म्हातारा भुजंगनाथ आजही हसवितो, कारण त्याचे भाषण देवलांनी बांधून दिले आहे. यात नटाची मोकळीक गेली हे खरे. तरी मी देवलांच्या बाजूचा.

डिस्नेच्या चित्रशाळेतील पुष्कळ रेखाटने जपून ठेवलेली आहेत. गाळलेल्या प्रसंगांचीही त्यांत आहेत. आपल्याकडे ज्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेटीत जुन्या नाटकमंडळीच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी समासातील बारीक अक्षर एकवार वाचून पाहावे.