सरकीतलं टीएन-५

बीटी कपाशीत बॅसिलस जिवाणूचं अळीनाशक जनुक आहे, हे गेवराई-माजलगावच्या शेतकऱ्याला आता सांगावं लागत नाही. पण २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेल्या पहिल्या बोलगार्डमध्ये त्याच्या जोडीला आणखी एक जनुक होतं, कॅनामायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारं. शेतात त्याचा काही उपयोग नाही. नवं जनुक नेमकं कोणत्या पेशींत शिरलं, हे प्रयोगशाळेत ओळखायला ते लागतं. कॅनामायसिन घातलं की तेवढ्याच पेशी तगतात. हे जनुक आलं टीएन-५ मधून. जीवशास्त्रातल्या इतक्या कामाच्या हत्याराचं इतकं कमी कौतुक क्वचितच झालं असेल!

टीएन-५ हा डीएनएचा ५,८१८ बेस-जोड्यांचा तुकडा. जिवाणूच्या आत एका जागेवरून सुटून तो दुसरीकडे जाऊन बसतो. मक्यातली अशी उडती जनुकं बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकातच ओळखली होती. नोबेलला मात्र १९८३ उजाडलं. टीएन-५ ची उडी डग्लस बर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये नोंदवली.

टीएन-५ ज्या जनुकात घुसतं ते बंद पडतं. घरातला एकेक फ्यूज काढत कुठला दिवा गेला ते बघावं, तसं यातून जनुकाचं काम कळतं.

लसूणघासाच्या मुळांवरच्या गाठींचं कोडं असंच सुटत गेलं. टीएन-५ असलेलं प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं सुटं कडं, ई. कोलाय जिवाणूतून गाठी घडवणाऱ्या रायझोबियम जिवाणूत सोडायचं, आणि तेही तिथे टिकणार नाही असंच निवडायचं. मग अँटिबायोटिक घातलेल्या ताटलीत ज्या वसाहती उगवतात, त्यांत टीएन-५ रायझोबियमच्या स्वतःच्या डीएनएत कुठेतरी ठाण मांडून बसलेलं असतं. एकेक वसाहत कोवळ्या रोपांना द्यायची आणि मुळं तपासायची. गाठच आली नाही? की आली, पण पांढरी, नत्र न बांधणारी? हार्वर्डमध्ये फ्रेडरिक ऑसुबेल यांच्याकडे १९८० च्या सुमारास हे काम करणाऱ्यांत गॅरी रुव्हकुन नावाचा विद्यार्थी होता. मायक्रो-आरएनएसाठी २०२४ चं नोबेल मिळालं ते हेच रुव्हकुन.

कपाशीतून कॅनामायसिनला दाद न देणारं जनुक जिवाणूंत पसरेल, अशी भीती घातली जाते. ते जनुक मुळात जिवाणूंचंच आहे आणि बीटीच्या कितीतरी आधीपासून त्यांच्यात फिरतंय.

बारावीला बीटी कापूस शिकवणाऱ्या सरांनी-मॅडमनी पाच मिनिटं टीएन-५ ला जरूर द्यावीत. जमलं तर लसूणघासाचं रोप मुळासकट वर्गात आणून गाठ चिरून दाखवावी. आतून गुलाबी निघाली, तर ती नत्र बांधतेय.