कामिनो दे सांतियागो

कामिनो दे सांतियागो (अर्थ : संत याकोबाचा मार्ग) हे वायव्य स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या नगराकडे जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रामार्गांच्या जाळ्याचे नाव आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या संत याकोबाचे अवशेष या नगरातील प्रधान चर्चमध्ये असल्याची श्रद्धा आहे. मध्ययुगात जेरुसलेम व रोम यांच्या बरोबरीने हे ख्रिस्ती जगातील प्रमुख यात्रास्थान मानले जाई. या मार्गाने वाटेवरील अनेक नगरे वसवली आणि त्या नगरांनी पूल, रस्ते व धर्मशाळा राखून मार्ग टिकवून धरला. मार्ग आणि नगरे यांचे हे परस्परावलंबन त्याच्या इतिहासात सतत दिसते.

उगम

बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथानुसार याकोबाला हेरोद राजाने तलवारीने ठार मारविले. ही घटना जेरुसलेममध्ये इ.स. ४४च्या सुमारास घडली असे मानतात. त्याचा देह नावेतून गालिसियाच्या किनाऱ्यावर आणला गेला, अशी परंपरागत कथा आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात इरिया फ्लाविया येथील बिशप तेओदोमिरो याने तेथे सापडलेली एक कबर याकोबाची असल्याचे जाहीर केले. आस्तुरियासचा राजा दुसरा आल्फोन्सो याने त्या जागी चर्च बांधविले. ओव्हिएदोहून तो ज्या वाटेने तेथे गेला असे मानतात, तिला आज 'आद्य मार्ग' म्हणतात. कबर खरोखर याकोबाची आहे याचा ऐतिहासिक पुरावा नाही. तथापि या श्रद्धेने घडवलेला इतिहास निर्विवाद आहे.

इ.स. ९९७ मध्ये कोर्दोबाच्या राज्याचा सेनानी अल्-मन्सूर याने नगर उद्ध्वस्त केले आणि चर्चच्या घंटा कोर्दोबाला नेल्या. कबरीला मात्र त्याने धक्का लावला नाही. सध्याच्या चर्चचे बांधकाम १०७५ मध्ये सुरू झाले. त्यातील 'वैभवद्वार' हे शिल्पकार मातेओ याचे काम असून त्याच्या चौकटीवरील तुळईवर ११८८ हे वर्ष कोरलेले आहे. बाराव्या शतकातील 'कोडेक्स कालिक्स्तिनुस' या हस्तलिखिताच्या पाचव्या भागात यात्रेकरूंसाठी मार्गदर्शिका आहे. कोणत्या नदीचे पाणी पिण्यास योग्य, कोणत्या प्रांतातील लोक कसे, कोणती देवस्थाने पाहावीत, अशी माहिती तीत दिली आहे.

प्रमुख मार्ग

सर्वांत प्रसिद्ध 'फ्रेंच मार्ग' फ्रान्समधील सां-झां-प्ये-द-पोर या गावापासून सुरू होतो. त्याची लांबी सुमारे ७८० कि.मी. असून तो पायी चालण्यास साधारण पाच आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी १,४०० मीटरपेक्षा उंच खिंडीतून पिरेनीज पर्वत ओलांडून रोन्सेस्व्हायेस येथे उतरावे लागते. हिवाळ्यात ही डोंगरवाट बंद असते. बुर्गोसनंतर मेसेता नावाचे पठार लागते. तेथे मैलोगणती गव्हाची शेते असून सावली जवळजवळ नसते. शेवटी ओ सेब्रेइरोचा घाट चढून मार्ग गालिसियाच्या पावसाळी, हिरव्या प्रदेशात शिरतो. याशिवाय किनाऱ्यालगतचा उत्तर मार्ग, पोर्तुगीज मार्ग व आरागोनचा मार्ग हेही प्रचलित आहेत.

मार्गावरील जुनी नगरे

पुएंते ला रेइना या नावाचा अर्थ 'राणीचा पूल' असा आहे. यात्रेकरूंना आर्गा नदी ओलांडता यावी म्हणून अकराव्या शतकात येथे बांधलेला दगडी पूल आजही पादचाऱ्यांच्या वापरात आहे. एस्तेया हे नगर १०९० मध्ये राजा सांचो रामिरेस याने वसविले व तेथे पिरेनीजपलीकडील व्यापारी व कारागीर आणले. सांतो दोमिंगो दे ला काल्सादा हे गाव दोमिंगो नावाच्या साधूमुळे उभे राहिले. त्याने यात्रेकरूंसाठी रस्ता, पूल व धर्मशाळा बांधली. निरपराध यात्रेकरूला फाशी दिल्यावर भाजलेले कोंबडे जिवंत झाले, या दंतकथेच्या स्मरणार्थ येथील चर्चमध्ये आजही जिवंत कोंबडा व कोंबडी ठेवतात.

बुर्गोसच्या गॉथिक चर्चचे बांधकाम १२२१ मध्ये सुरू झाले. लेओनचे चर्च सुमारे १,८०० चौ.मी. रंगीत काचचित्रांसाठी, तर तेथील सान इसिदोरो हे राजघराण्याच्या समाधिगृहातील भित्तिचित्रांसाठी ख्यातनाम आहे. आस्तोर्गा हे मूळचे रोमन नगर असून तेथील बिशपचा वाडा वास्तुकार आंतोनी गाउदी याने रचला. पोन्फेर्रादा येथे टेम्पलर योद्ध्यांचा किल्ला आहे.

आरागोनच्या मार्गावरील सांग्वेसा या नगराजवळ हाव्हिएरचा किल्ला आहे. १५०६ मध्ये याच ठिकाणी जन्मलेल्या संत फ्रान्सिस झेवियरचा देह जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चमध्ये आहे.

यात्रेची पद्धत

यात्रेकरू 'क्रेदेन्सियाल' नावाची पुस्तिका जवळ बाळगतो आणि मुक्कामाच्या ठिकाणी तीवर शिक्का घेतो. 'आल्बेर्गे' नावाच्या साध्या धर्मशाळांत सामायिक खोल्यांत रात्रीची सोय होते. किमान शेवटचे १०० कि.मी. पायी किंवा २०० कि.मी. सायकलीने पार करणाऱ्यास 'कोंपोस्तेला' हे प्रमाणपत्र मिळते. शिंपला हे यात्रेचे प्राचीन चिन्ह आहे. संताचा सण २५ जुलै रोजी असतो. तो रविवारी आल्यास ते 'पवित्र वर्ष' मानतात. काही यात्रेकरू पुढे आणखी सुमारे ९० कि.मी. चालून अटलांटिक किनाऱ्यावरील फिस्तेर्रा या भूशिरापर्यंत जातात.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा व युद्धे यांमुळे यात्रेकरू घटले. १५८९ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्याच्या भीतीने अवशेष लपविण्यात आले आणि पुढे त्यांची नेमकी जागा विस्मृतीत गेली. १८७९ मध्ये ते पुन्हा सापडले व १८८४ मध्ये पोप तेरावा लिओ याने त्यांना मान्यता दिली. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मार्गाचे अनेक भाग झुडपांनी झाकले गेले होते.

ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू एलियास व्हालिन्या यांनी जुनी वाट शोधून काढली आणि १९८०च्या दशकात तीवर पिवळे बाण रंगविले. आज हेच बाण यात्रेकरूंना वाट दाखवतात. १९८७ मध्ये युरोप परिषदेने हा पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून जाहीर केला. १९९३ मध्ये युनेस्कोने स्पेनमधील फ्रेंच मार्गाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

सद्यस्थिती

१९८६ मध्ये सुमारे २,५०० जणांनी प्रमाणपत्र घेतले होते. २०२४ मध्ये ही संख्या ५ लाखांच्या जवळ पोहोचली. या वाढीचे परिणाम सर्वत्र सारखे नाहीत. मेसेतातील ओस पडत चाललेल्या खेड्यांत एखादी धर्मशाळा, दुकान वा उपाहारगृह केवळ यात्रेकरूंमुळे चालू राहते. याउलट १०० कि.मी.च्या अटीमुळे सार्रिया ते सांतियागो या अखेरच्या टप्प्यात गर्दी एकवटते. सांतियागोच्या जुन्या भागात घरे पर्यटकांना भाड्याने देण्याचे प्रमाण वाढल्याने तेथे राहणे कठीण झाल्याची तक्रार स्थानिक रहिवासी करतात. पूर्वी मार्गाला धोका होता तो यात्रेकरूंच्या अभावाचा. आता त्यांची संख्या पेलून नगरांतील वस्ती टिकवणे हा प्रश्न पुढे आला आहे.