काळ्या खडकाखालची माती: ग्रँड मेसावरील धरणांचा पाया

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम भागात सुमारे 3,000 मीटर उंचीवर ग्रँड मेसा पसरला आहे. कडा तुटलेल्या, सपाट माथ्याच्या डोंगराला मेसा म्हणतात. त्यावर तीनशेच्या आसपास तलाव असून, त्यांतील अनेकांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मातीचे बांध घालून वितळत्या बर्फाचे पाणी पायथ्याच्या शेतांसाठी आणि फळबागांसाठी साठवले जाते.

माथ्यावर बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे, कवच आहे. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा जुन्या दरीतून वाहिला. पुढे भोवतालचे मऊ खडक झिजून गेले, लाव्हा टिकला, आणि एकेकाळची दरीच डोंगरमाथा झाली. सह्याद्रीतला बेसॉल्ट याहून कितीतरी जुना, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; पण तेथे त्याचे थरावर थर शेकडो मीटर खोल जातात, तर येथे कवचाखाली चिकणमातीचे खडक आणि शेल, म्हणजे गाळ दबून बनलेला, पापुद्रे सुटणारा खडक, लागतो. धरण बांधणाऱ्याची खरी परीक्षा या खालच्या खडकांत आहे.

बेसॉल्टच्या उभ्या भेगांतून मुरलेले पाणी या थरांपर्यंत पोहोचले की ते निसरडे होतात, कड्याचे प्रचंड तुकडे त्यांवरून घसरताना मागे कलतात आणि तुकडा व कडा यांमध्ये लांबट खळगे उरतात. माथ्याखालच्या टप्प्यांवरील बरेच तलाव अशाच खळग्यांत साठले आहेत. हिमयुगात माथ्यावर साचलेले बर्फ यांतील काही टप्प्यांवरही उतरले आणि वितळताना हिमोढ मागे ठेवून गेले, म्हणजे शिळांपासून पिठासारख्या मातीपर्यंत सगळे एकत्र कालवलेला राडारोडा. बारीक माती भरपूर असलेला घट्ट हिमोढ पाणी चांगले अडवतो. मात्र त्यात वाळू-गोट्यांचे पट्टे असतील तर पाणी त्या वाटेने बांधाखालून पाझरते आणि माती वाहून नेत पाया पोखरते. म्हणून खालच्या घट्ट थरापर्यंत खंदक खणून तो चिकणमातीने भरावा लागतो. तो थर शोधतानाही फसगत होऊ शकते, कारण विंधन छिद्राला लागलेला खडक मूळ जागचा नसून हिमोढातील एखादी मोठी शिळा किंवा वरून घसरलेला कड्याचा तुकडा असू शकतो. एकदोन छिद्रांवर विसंबणे येथे धोक्याचे आहे.

हे घसरणे थांबलेले नाही. 25 मे 2014 रोजी मेसाच्या उत्तर उतारावर, कॉलब्रान गावाजवळ, पावसानंतर सुटलेली दरड सुमारे साडेचार किलोमीटर वाहत गेली आणि तीन माणसे मृत्युमुखी पडली. त्यामुळे ग्रँड मेसावर बांधाची मजबुती तपासणे पुरेसे नाही. बांध ज्या उतारावर उभा आहे, तो सगळा उतारच तपासला पाहिजे.