दारात उभा परका

१९६४ च्या एप्रिल महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीवर 'द स्ट्रेंजर' सुरू झाली. कृष्णधवल चित्रण, अर्ध्या तासाचे भाग, सहा-सहा भागांचे दोन संच. देशात टीव्ही येऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती, आणि पडद्यावर दिसणारं बरंचसं अमेरिकेतून नाहीतर ब्रिटनमधून तयार होऊन यायचं. अशा वेळी ऑस्ट्रेलियाने स्वतःची पहिली विज्ञानकथा-मालिका केली ती मुलांसाठी, आणि पुढे ती बीबीसीनेही विकत घेतली. लेखक जी. के. सॉन्डर्स मुळात रेडिओवाले. ही गोष्टही आधी श्रुतिकेच्या रूपात येऊन गेली होती, म्हणून मालिकेत लेझरच्या झोतांपेक्षा बोलण्यावर भिस्त जास्त आहे.

गोष्ट अशी. मुलग्यांच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या दारात एक अनोळखी माणूस येऊन कोसळतो. आपण कोण, कुठले, काही आठवत नाही म्हणतो. बोलण्याचालण्यावरून सगळे त्याला स्विस समजतात, त्याला अनेक भाषा येतात हे कळल्यावर शाळेत भाषाशिक्षकाची नोकरी देतात, आणि तो अ‍ॅडम स्विस या नावाने तिथे रुळतो. त्याचं बिंग फोडतात ती मुख्याध्यापकांची दोन मुलं आणि त्यांचा एक मित्र. हा माणूस पृथ्वीवरचा नाही. त्याच्या लोकांनी आपला ग्रह गमावला आहे आणि ते राहायला जागा शोधताहेत. जिंकायला नव्हे, राहायला. दुसऱ्या संचात प्रकरण पंतप्रधानांपर्यंत जातं. ती भूमिका चिप्स रॅफर्टी या त्या काळच्या लाडक्या नटाने केली आहे. पार्क्सची ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण तेव्हा नवीकोरी होती. तिचा कथेत असा वापर झाला की वेगळा सेट उभारायची गरजच पडू नये.

अ‍ॅडमचं काम रॉन हॅड्रिक यांनी केलं. स्ट्रॅटफर्डच्या रंगभूमीवर शेक्सपिअर करून आलेला हा नट, आणि त्याआधी दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेटही खेळलेला. परग्रहवासी म्हणून त्यांना ना हिरवा रंग फासला, ना डोक्यावर शिंगं लावली. नीट कोट घातलेला, थोडा अवघडलेला, फार सभ्य माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत वीस लाखांच्या आसपास स्थलांतरित ऑस्ट्रेलियात उतरले होते. असा अवघडलेला, सभ्य, उच्चार जरा वेगळे असलेला शेजारी तिथल्या बहुतेक मुलांनी आपल्या गल्लीत पाहिलेला होता. मालिकेची खरी ताकद मला इथे वाटते.

पण मालिका आली त्याच वर्षी गोऱ्यांखेरीज इतरांना देशात स्थायिक होऊ न देणारं 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणही जिवंत होतं. १९०१ च्या कायद्यापासून चालत आलेलं हे धोरण १९६६ मध्ये सैल झालं आणि १९७३ मध्ये संपलं. म्हणजे १९६४ साली परग्रहावरून आलेल्या मास्तरांना ऑस्ट्रेलियातल्या शाळेत नोकरी मिळत होती. पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातल्या मास्तरांनी तिथे कायमचं राहायला अर्ज केला असता, तर तो पहिल्याच टेबलावरून परत आला असता. आज सिडनी-मेलबर्नमध्ये गणपती बसवणारी मराठी कुटुंबं त्यानंतरच्या काळातली. सॉन्डर्स यांना हा विरोधाभास टोचत होता की नाही, ते मालिकेतून ठामपणे सांगता येत नाही. मात्र परक्याला आत घ्यायचं की नाही, या प्रश्नावर मोठी माणसं बैठका घेतात आणि मुलं तोवर त्याच्याशी मैत्री करून मोकळी होतात, ही मांडणी त्यांनी घालून दिली. ती पुढची तीस वर्षं टिकली.

मधल्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एबीसीने १९६६ ते १९७० मध्ये 'द इंटरप्रेटारिस', 'व्हेगा ४' आणि 'फिनिक्स फाइव्ह' अशा अंतराळयानांच्या मालिका काढल्या. कॅप्टन, नियंत्रणकक्ष, खडखडणारा यंत्रमानव, दुष्ट शास्त्रज्ञ, सगळा ऐवज होता. अमेरिकेकडे जे भरपूर पैशांत होतं, ते इथे पुठ्ठ्यात झालं. त्यातून एवढंच दिसलं की ऑस्ट्रेलियन विज्ञानकथेला अवकाशात पाठवण्यापेक्षा घराच्या ओसरीवर बसवलं तर ती जास्त रंगते.

ओसरीवर ती परत आली त्याचं कारण सरकारी नियम होते. १९७९ पासून खाजगी वाहिन्यांवर मुलांसाठी खास बनवलेले कार्यक्रम ठरावीक प्रमाणात दाखवण्याची सक्ती आली. १९८२ मध्ये पॅट्रिशिया एडगर यांच्या नेतृत्वाखाली बाल-दूरचित्रवाणीसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान उभं राहिलं. वाहिन्यांनी कुरकुर केली, पण कार्यक्रम विकत घेणं भाग होतं. त्या हक्काच्या बाजारपेठेमुळेच मार्क शिरेफ्स आणि जॉन थॉमसन या लेखकजोडीला 'द गर्ल फ्रॉम टुमॉरो' लिहिता आली.

नव्वदच्या दशकाच्या आरंभीची ही मालिका आजही पहिल्या भागापासून पकड घेते. इ. स. ३००० मधली अलाना शांत, सुखी जगात वाढलेली आहे. मात्र त्या जगामागे इ. स. २५०० चा महाविनाश आहे, ज्यात पृथ्वीचा उत्तर गोलार्ध नष्ट झाला. (दक्षिण गोलार्धातल्या लेखकांनी जग वाचवताना कोणता अर्धा भाग ठेवला, हे पाहून गंमत वाटते.) २५०० मधला सिल्व्हरथॉर्न नावाचा गुन्हेगार तिला कालयानातून थेट १९९० च्या सिडनीत ओढून आणतो. तिथे तिला भेटते जेनी केली. फटकळ, भांडखोर, एकट्या आईच्या घरात वाढणारी. अलानाच्या कपाळावरच्या पट्टीत मनाची ऊर्जा वाढवण्याची शक्ती आहे, पण पैसे म्हणजे काय, लोक एकमेकांशी खोटं का बोलतात, याबाबत ती ठार अडाणी. मालिकेचं सगळं विज्ञान बाजूला ठेवलं तरी या दोन मुलींची जोडी उरते, आणि तेवढं पुरेसं आहे.

त्याहून धीट गोष्ट शेवटी आहे. जखमी जेनीला जगवण्यासाठी अलाना तिला इ. स. ३००० मध्ये घेऊन जाते. ज्या घराने परक्या मुलीला थारा दिला, त्या घरची मुलगीच आता परकी होते. १९९३ मध्ये आलेल्या दुसऱ्या संचात लेखकांनी हेच पुढे नेलं आणि २५०० सालावर ग्लोबकॉर्प नावाच्या एका बलाढ्य कंपनीची सत्ता दाखवली. भविष्य बिघडवणारा परका कुणी परग्रहावरचा राक्षस नव्हता, एक कंपनी होती. मुलांच्या मालिकेत हे बरंच होतं.

याच जोडीने १९९५ मध्ये 'स्पेलबाइंडर' लिहिली. पोलंडच्या दूरचित्रवाणीशी भागीदारी, २६ भाग. सिडनीचा पॉल ब्लू माउंटन्समधल्या शालेय सहलीत खोडी करायला जातो आणि एका समांतर जगात जाऊन पडतो. तिथे वीज ही राज्यकर्त्यांची खाजगी मालमत्ता आहे. बाकीच्यांना ती जादू वाटते. पॉलची भूमिका झ्बिख ट्रोफिम्युक या पोलिश वंशाच्या मुलाने केली. एक वर्ष आधी आलेल्या 'ओशन गर्ल'मधली नेरी, देवमाशाशी बोलणारी आणि माणसांशी मोजकं बोलणारी परग्रहावरची मुलगी, साकारली मार्झेना गोडेकीने. तीही पोलिश वंशाची. योगायोग असेल. पण सॉन्डर्स यांच्या काळात ज्या घरांकडे शेजारी कुतूहलाने बघत, तशा घरांतली मुलं आता मालिकेची नायक-नायिका झाली होती.

१९९७ मध्ये 'स्पेलबाइंडर'चा दुसरा संच चीनसोबत झाला. त्यानंतर हा धागा विरत गेला. २००१ च्या ऑगस्टमध्ये समुद्रातून वाचवलेल्या ४३३ आश्रयार्थींना घेऊन आलेलं 'टाम्पा' हे नॉर्वेचं जहाज ऑस्ट्रेलियाने किनाऱ्याला लागू दिलं नाही, आणि परक्याला दारात घेण्याचा प्रश्न देशाच्या निवडणुकीचा मुद्दा बनला. 'ओशन गर्ल'च्याच निर्मात्याची, जोनाथन शिफ यांची 'एचटूओ' २००६ मध्ये आली आणि जगभर गाजली. त्यात मत्स्यकन्या आहेत, पण त्या गोल्ड कोस्टवर राहणाऱ्या साध्या मुली. परग्रहावरून कुणी येत नाही. मला ही मालिका गोड वाटते, आणि नेरीपुढे फिकी.

२०२० मध्ये एबीसीने 'द स्ट्रेंजर'च्या जुन्या फिती दुरुस्त करून आपल्या ऑनलाइन सेवेवर ठेवल्या. त्याच वर्षी महामारीचं कारण देऊन खाजगी वाहिन्यांवरची बालकार्यक्रमांची सक्ती स्थगित झाली, आणि २०२१ च्या जानेवारीपासून मुलांचा वेगळा कोटा कायमचा गेला. वाहिन्यांनी ही मागणी कित्येक वर्षं लावून धरली होती. मिळालेल्या मोकळ्या वेळात त्यांनी जे काही दाखवलं, त्यात एकही अ‍ॅडम स्विस नाही.