पेठेचा संघ आणि त्याचा हंगाम



'हंगाम' हा शब्द आपल्या राधानगरीकरांना शिकवावा लागत नाही. भाताचा हंगाम आपण जाणतो, उसाच्या गळिताचा हंगाम जाणतो. पेरणी, राखण, कापणी आणि खळे, एवढे सारे झाल्यावरच हंगाम साधला की बुडाला ते कळते. एका दिवसाच्या उन्हावरून किंवा एका सरीवरून कोणी पिकाचा निवाडा करीत नाही. खेळातल्या संघाचेही असेच असते. एक सामना ही एक सर. हंगाम हे संपूर्ण पीक. आज मला बोलायचे आहे ते अशा एका पिकाविषयी. ते पन्नासएक किलोमीटरवर कोल्हापुरात दर वर्षी उभे राहते, आणि आपल्यापैकी अनेकजण एस.टी.ने जाऊन ते पाहून येतात. ते म्हणजे कोल्हापूरचा फुटबॉल.

प्रथम हा खेळ तेथे कोणाचा आहे ते पाहू. बहुतेक गावांत खेळाचा संघ शाळेचा, कॉलेजचा किंवा एखाद्या कारखान्याचा असतो. कोल्हापुरात तो तालमीचा असतो. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले आणि पेठापेठांतून तालमींना बळ आले. पुढे याच तालमींच्या आश्रयाला फुटबॉल आला. म्हणून संघांची नावेही तशीच आहेत : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, त्यांच्याच जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब आणि फुलेवाडीचे क्रीडा मंडळ. ज्या तालमीत आजोबांनी जोर-बैठका काढल्या, तिच्याच नावाचा सदरा घालून नातू मैदानात उतरतो. तालमीचा गणपती, तालमीचा शिवजयंतीचा उत्सव आणि तालमीचा संघ ही एकाच घराची तीन दारे आहेत. म्हणून तेथे संघ हरला की अकरा खेळाडू हरत नाहीत, पेठ हरते.

आता हंगामाची रचना पाहू. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही या खेळाची स्थानिक नियामक संस्था. पावसाळा सरला, दिवाळी आटोपली, की खेळाडूंची नोंदणी होते. ज्या संघाकडे नाव नोंदले, त्याच्याकडूनच त्या हंगामात खेळायचे. मग थंडीच्या दिवसांत शाहू स्टेडियमवर सामन्यांना तोंड लागते आणि मृग जवळ येईतो ते चालू राहतात. वरिष्ठ गटात सोळा संघ. प्रारंभी साखळी स्पर्धा आणि नंतर निरनिराळ्या चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा, असा साधारण क्रम असतो.

या दोन पद्धतींतला भेद समजून घेतला पाहिजे. कारण हंगामाचे सारे मर्म तेथेच आहे. बाद पद्धतीत एकदा हरलात की घरी गेलात. बरोबरी झाली तर टायब्रेकर, आणि पाच फटक्यांत वर्षाच्या मेहनतीचा निकाल. तेथे दैवाला वाव आहे, दुबळ्याला एखादा दिवस राजा होता येते, म्हणून गर्दीला ती पद्धत प्रिय. साखळीत तसे नाही. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. आणि आज हरलात तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे राहावेच लागते. तेथे कस लागतो तो संघाच्या खोलीचा. पुढच्या फळीतला मुलगा गुडघा धरून बसला, बचावाचा आधार असलेला बारावीच्या परीक्षेला गेला, तिसऱ्याला पिवळ्या कार्डांमुळे बाहेर बसावे लागले, तर बाकावरचे खेळाडू कसे आहेत? अकरांचा संघ सामना जिंकतो. साखळी जिंकायला वीसजण लागतात, आणि त्यांतल्या नऊजणांनी नाव न होता घाम गाळलेला असावा लागतो.

येथे दूरदेशीचे एक उदाहरण घेतो. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपला नव्हे. आपल्या खेळाला ते सॉकर म्हणतात. त्यांचा चेंडू लांबट, टोकदार. तो हातात धरून पळायचे, फेकायचे, आणि धावणाऱ्याला प्रतिपक्षाने अंगावर झेपावून पाडायचे. शंभर यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकला नाहीत तर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. आपल्या कबड्डीतली झोंबी आणि सैन्याची व्यूहरचना यांचे मिश्रण म्हणा. आणि तेथे हा खेळ वाढला तो कॉलेजांत. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला. एकेका बाजूला पंचवीस खेळाडू, आणि चेंडू उचलून पळण्यास मनाई! म्हणजे तो पहिला सामना आपल्याच फुटबॉलला अधिक जवळचा होता. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. आठवड्याने प्रिन्स्टनने ८-० असा सूड उगवला. आणि संपला हंगाम. दोन सामन्यांचा!

त्या दोन सामन्यांचे आज बारा झाले आहेत, शिवाय नंतरच्या मानाच्या लढती वेगळ्या. शरद ऋतूत दर शनिवारी सामना. मिशिगन विद्यापीठाच्या एकाच प्रेक्षागारात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. पण या वाढीची किंमत मोजावी लागली. १९०५ साली त्या एका हंगामात खेळताना दगावलेल्या तरुणांची संख्या वृत्तपत्रांनी अठरा-एकोणीस दिली. मैदानावर घोळका करून एकमेकांना चिरडणे हीच तेव्हाची युक्ती होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून घेतले. काही कॉलेजांनी तर खेळच बंद केला. तथापि इतरांनी एकत्र बसून नियम बदलले. १९०६ पासून चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. त्यामुळे घोळका फुटला, मैदान मोकळे झाले, आणि नियमांवर देखरेख करणारी संस्थाही जन्मास आली. खेळ वाचला तो बंदीने नव्हे, आवेश कमी करूनही नव्हे. त्या आवेशाला नवी वाट काढून दिल्याने.

दुसरी अडचण पैशाची. प्रेक्षागारे भरत होती, कॉलेजे श्रीमंत होत होती. खेळाडूला मात्र 'तू विद्यार्थी आहेस' असे सांगून शिष्यवृत्तीवर भागवावे लागे. हा वाद शतकभर धुमसला. अखेर २०२१ साली खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून कॉलेजांनाच त्यांना थेट पैसे देता येऊ लागले. न्याय झाला खरा. पण आता मुले दरवर्षी कॉलेज बदलू लागली आहेत, आणि 'हा आमचा संघ' म्हणणाऱ्या माणसाला आपल्या संघातली नावे नव्याने पाठ करावी लागत आहेत.

हेच दोन्ही प्रश्न आज कोल्हापूरच्या फुटबॉलपुढे उभे आहेत, म्हणून ही हकीकत सांगितली. चषकांची बक्षिसे मोठी झाली, तसे बाहेरगावचे, इतकेच नव्हे तर आफ्रिकेतून आलेले खेळाडू तालमींच्या सदऱ्यांत दिसू लागले. त्यांच्यामुळे खेळाचा दर्जा वाढतो आणि पेठेतल्या पोराला शिकायला मिळते, हे खरे. पण त्यांच्यासाठी तेच पोर हंगामभर बाकावर बसत असेल, तर तालमीने काय मिळवले? दुसरीकडे पाठीराख्यांचा आवेश. गोल झाल्यावरचा जल्लोष आणि विजयाचा गुलाल कोणाला नको आहे? परंतु सामना संपल्यावर तो आवेश दगड होऊन रस्त्यावर आला, असे दिवसही कोल्हापूरने पाहिले आहेत.

कोणी म्हणेल, मग पेठेची ही ईर्ष्याच काढून टाका. तसे केले तर काय उरते, याचाही पुरावा आहे. २०१२ साली अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलची एक व्यावसायिक स्पर्धा भारतीय संघांसाठी सुरू झाली. त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता. पण तो हंगाम मुख्यतः श्रीलंकेत खेळला गेला. नाव पुण्याचे, मैदान परक्याचे, आणि मागे एकही आळी नाही. ते रोप येथे रुजले नाही. पैसा आणि साहित्य आणता येते. आपुलकी आयात करता येत नाही.

आपल्या गावचेच उदाहरण घ्या. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले ते पाऊस कमी व्हावा म्हणून नव्हे. पाऊस हवाच होता. तो अडवून, साठवून, बेताने सोडायचा होता. आणि पाणी हद्दीला पोचले की आपल्या धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात, कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. पेठेचा अभिमान हे असे पाणी आहे. त्याला नियमांची भिंत हवी, आणि पोलिसांची वाट न पाहता स्वतःच उघडणारे समजुतीचे दरवाजेही हवेत. ते बसवायचे काम तालमीतल्या वडीलधाऱ्यांचे आहे. स्थानिक पोरांना अकरांत जागा राखणे, हरल्यावर प्रतिपक्षाशी हस्तांदोलन करणे, आपल्याच पाठीराख्याचा उगारलेला हात धरणे, हे ते दरवाजे.

कोल्हापुरातच जन्मलेला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला. ते पाहून आपल्या तालुक्यातली पोरेही चेंडूमागे धावत असतील. त्यांना चषक नंतर मिळेल. आधी त्यांना एक हंगाम द्या : सुगी आटोपल्यापासून पावसाची पहिली सर येईपर्यंत, गावोगावच्या शाळांची साधी साखळी. हरलेल्यालाही पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे राहता येते, ही शिकवण एका सामन्यात मिळत नाही. त्यासाठी हंगाम लागतो.